मंडळी आजारी आहे

“मंडळी आजारी आहे,” शांतवन म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याला वाटलं, सुटलो.

पुण्यात घोरपडीच्या रेल्वे क्वार्टर्समागच्या त्या लहानशा चर्चच्या दारात पाळकसाहेबांनी त्याचा हात धरून ठेवला होता. उपासना संपली की कोणाच्या नजरेत न येता सटकायचं, म्हणून तो शेवटच्या बाकावर, दाराला लागूनच बसला होता. पण हा माणूस आशीर्वाद देऊन होतो न होतो तोच झगा सावरत मधल्या वाटेनं असा भराभर आला, की शांतवनच्या आधी तोच दारात हजर.

“पहिल्यांदाच दिसताय. कुठनं आलात म्हणायचं? काय अडचण हाय का?”

कुठून आलो, तेवढंच नेमकं सांगायचं नव्हतं. पाळकाशी खोटं बोलू नये आणि खरं तर सांगता येत नाही, अशा कात्रीत सापडलेल्या माणसाला जे सुचेल ते शांतवनला सुचलं. ख्रिस्ती माणसं मंडळी म्हणतात ती आपल्या चर्चच्या लोकांना, आणि उरलेला महाराष्ट्र मंडळी म्हणतो तो बायकोला. शांतवनची मंडळी, म्हणजे हडपसरच्या पलीकडची कालव्याकाठची मंडळी, दीड वर्ष पाळकावाचून खरोखरच आजारल्यासारखी झाली होती. तेव्हा आपण खोटं काही बोललो नाही, असं त्यानं मनाशी म्हटलं. आपण हुशार आहोत असं वाटण्याचे प्रसंग त्याच्या आयुष्यात थोडेच आले होते. हाही फार टिकला नाही.

“अरेरे,” पाळकसाहेब म्हणाले. त्यांनी दुसराही हात त्याच्या हातावर ठेवला. “घरीच हायेत का दवाखान्यात?”

इथं सांगता आलं असतं. ‘तसं नव्हे, साहेब’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

“सरकारी दवाखान्यात,” शांतवन म्हणाला.

“काय होतंय?”

“श्वास लागतो.”

“नाव काय त्यांचं?”

“सरू,” तो म्हणाला. “सरूबाई शांतवन.”

रेव्हरंड उत्तरेश्वर पाटोळे यांनी तिथंच, चपला शोधणाऱ्या लोकांच्या गर्दीत, डोळे मिटले. “हे प्रभू, आमची बहीण सरूबाई, तिच्या उशाशी तू बस. तिला दमानं श्वास घेऊ दे. आणि ह्या भावाला धीर दे.” आजूबाजूचे चार-दोन जण थांबून ‘आमेन’ म्हणाले.

शांतवननं डोळे मिटलेच नव्हते. झग्याच्या बाहीची एक शिवण उसवली होती, तिच्याकडे तो बघत राहिला. सरूबाईला जाऊन चार वर्षं झाली होती.

*

शांतवन मकासरे टेलिफोन खात्यात लाइनमन होता. खांबांवर चढून, गटारांत उतरून त्यानं जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. स्वतः बोलायची वेळ त्याच्यावर फारशी आली नाही. निवृत्त झाला तेव्हा निरोप समारंभातही त्याच्याऐवजी दुसऱ्याच कोणीतरी आभार मानले होते. मुलगी पूर्वा लग्न होऊन नाशिकला. घरात तो एकटा.

कालव्याकाठचं त्यांचं चर्च काळ्या दगडाचं, स्कॉटलंडच्या मिशननं बांधलेलं. आता त्याच्या तिन्ही बाजूंना बारा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि रविवारी सकाळी वरच्या गॅलऱ्यांतून लोक चहा पीत खाली बघत. मिशनची माणसं गेली, पण जाताना आपली एक रीत मागं ठेवून गेली. पाळक मंडळीनं स्वतः निवडायचा, आणि त्याआधी कमिटीच्या माणसानं गुपचूप जाऊन, आपली ओळख न देता, त्याचा उपदेश त्याच्याच चर्चमध्ये ऐकायचा.

जुने पाळक गावी गेल्यापासून आढाव सर उपदेश वाचून दाखवत. ते निवृत्त मुख्याध्यापक आणि कमिटीचे अध्यक्ष. ते वाचायला लागले की लोकांना आपण गृहपाठ केला नाही असं वाटू लागे. तरुण पोरं गिटारवाल्या मोठ्या सभांना जायला लागली. दोन बाळांचे बाप्तिस्मे खोळंबले. मागच्या लग्नाला पाळक उसना आणावा लागला, आणि तो नवरीचं नाव चुकला.

घोरपडीच्या पाटोळ्यांचं नाव निघालं तेव्हा आढाव सरांनी कमिटीवर नजर फिरवली आणि ती शांतवनवर थांबवली.

“मकासरे, तुम्ही जा. तुमच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. हा गुण आहे, वाईट वाटून घेऊ नका. आणि एका उपदेशावर मत बनवू नका. एक उपदेश कोणीही चांगला करतो. निदान तीन ऐका.”

शांतवनला वाईट वाटलं नव्हतं. उलट, मंडळीनं एवढं मोठं काम आपल्यावर टाकलं म्हणून त्यानं त्या रविवारी ठेवणीतला शर्ट इस्त्री करून घातला होता.

*

दुसऱ्या रविवारी तो गेला तेव्हा, पाटोळे आपल्याला विसरले असतील, अशी त्याला आशा होती. उपदेश सुरू झाला. पाटोळे लातूरकडचे, वीटभट्टीवर राबणाऱ्या घरातले. सुरुवातीला ते पुस्तकी मराठी बोलायचे आणि दोन वाक्यांत गावाकडच्या बोलीवर घसरायचे. मग त्यांचं त्यांनाच हसू यायचं आणि ते तसेच पुढं जायचे. हरवलेल्या मेंढराविषयी बोलताना ते म्हणाले, “मेंढराला आपण हरवलोय हे ठावंच नसतं. ते चरतच असतं. त्याला वाटतं, बाकीचे हरवले.” बायका हसल्या. शांतवनही हसला. हा माणूस आपल्याला पाहिजे, असं त्याच्या मनानं तेव्हाच घेतलं.

मग आजाऱ्यांसाठीची प्रार्थना आली. कोणाची तरी मुलगी, कोणाचं तरी मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि त्यानंतर स्पष्ट, सावकाश, “आमची बहीण सरूबाई शांतवन.”

सगळं चर्च आमेन म्हणालं.

सरू गेली ती कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. दवाखान्यात आत सोडत नव्हते. शांतवन बाहेर फुटपाथवर बसून होता, आणि तिथंच त्याला निरोप मिळाला. दफनाला पिशवीत गुंडाळलेली सरू, पायापासून डोक्यापर्यंत झाकलेली चार अनोळखी माणसं आणि लांब उभा केलेला तो. गीत नाही, बायबलचं वचन नाही. चर्च तेव्हा बंदच होतं. पुढं कैक महिन्यांनी उघडलं तेव्हा ‘साथीत गेलेल्या सर्वांसाठी’ अशी एकच प्रार्थना झाली. त्या सर्वांत सरू होती, पण तिचं नाव देवाच्या घरात कोणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. ते आज घेतलं, आणि तेही तिला बरं वाटावं म्हणून.

शांतवनला फार बरं वाटलं. खोटं बोलल्याची लाज होतीच. पण ते बरं वाटलं, त्याची लाज जास्त वाटली.

बाहेर एका म्हाताऱ्या बाईंनी त्याला गाठलं. पांढरं पातळ, कानात यंत्र. आनंदीबाई त्यांचं नाव.

“हा डबा घ्या. मऊ भात आणि मुगाचं वरण. दवाखान्यातलं अन्न खाऊन माणूस बरा होत नाही, कंटाळून घरी येतो. रिकामा डबा पुढच्या रविवारी आणा. न आणलात तरी चालेल, पण झाकण आणा, ते दुसऱ्या डब्याचं आहे.”

डबा टाकून देववेना. घरी ओट्याशी उभं राहूनच त्यानं तो भात खाल्ला. भात चांगला झाला होता.

तिसऱ्या रविवारी पाटोळ्यांनी त्याला दाराशी नव्हे, बाहेरच्या कडुनिंबाखाली नेलं.

“मी मंगळवारी गेलो होतो बघा दवाखान्यात. बायकांचे दोन वॉर्ड पालथे घातले. एक सरूबाई घावल्या, पण त्या दौंडच्या निघाल्या.” ते स्वतःशीच हसले. “त्यांच्यासाठी पण प्रार्थना केली. म्हटलं, आलोच हाय तर.”

“आयसीयूत हलवलंय,” शांतवन म्हणाला. “आत सोडत न्हाईत. काचंतनं बी दिसत न्हाई.”

यातला शब्दन् शब्द खरा होता, फक्त चार वर्षांपूर्वीचा.

“मग मी तुमच्यासंगं बाहेर बसतो की,” पाटोळे म्हणाले. “दवाखान्याच्या बाहेर एकट्यानं बसणं लई वाईट. कधी येऊ सांगा.”

“नको नको,” शांतवन घाईघाईनं म्हणाला. “भाचा असतो.” हे मात्र साफ खोटं होतं. त्याला भाचा नव्हता.

तीन उपदेश झाले होते. चौथ्या रविवारी जायचं काहीच कारण नव्हतं. तरी तो गेला. शेवटच्या बाकावर बसून सरूचं नाव ऐकलं आणि शेवटचं गीत चालू असतानाच उठून बस पकडली. त्यानंतर गेला नाही.

*

कमिटीची बैठक चर्चमागच्या खोलीत होती. कमिटीतल्या दोन बायका, खजिनदार गायकवाड, आढाव सर आणि शांतवन. चहा येऊन निवत होता.

“हं, मकासरे. घोरपडीचे पाटोळे. बोला.”

येताना शांतवननं ठरवलं होतं, की सगळं चांगलंच सांगायचं. सांगण्यासारखं वाईट काही नव्हतंच. पण तोंड उघडताना त्याच्या डोळ्यांपुढं भलतंच चित्र आलं. पाटोळ्यांना इथं परीक्षेच्या उपदेशाला बोलावलंय. उपासना संपल्यावर ते झगा सावरत दाराशी येतात, शांतवनचा हात धरतात आणि साऱ्या लोकांत विचारतात, ‘सरूबाई कशा हायेत?’ समोर बसलेल्या या दोघी सरूबरोबर नाताळच्या करंज्या करायला बसत.

“उपदेश चांगला हाय,” तो म्हणाला.

“आणि?”

“आणि… लोकांच्यात फार शिरतो.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे… दवाखान्यात जातो. बायकांच्या वॉर्डात फिरतो.”

तो हे काही ठरवून बोलला नव्हता. तोंडातून गेलं, आणि मग ते त्या खोलीत होतं. गायकवाड खाकरले. आढाव सरांनी चष्मा काढला.

“फिरतो म्हणजे? त्यांच्या मंडळीतलं कोणी तिथं होतं का?”

“न्हाई.”

“ओळखीचं कोणी?”

“न्हाई.”

“समजलं,” आढाव सर म्हणाले. “पुढचं सांगू नका. इथं भगिनी बसल्या आहेत.”

अजूनही वेळ गेली नव्हती. शांतवननं बशीत सांडलेल्या चहाकडे बघितलं, आणि आढाव सर पुढच्या उमेदवाराचं नाव घेईपर्यंत तो तिकडंच बघत राहिला. बाहेर पडताना त्या दोघींपैकी एक जण त्याला म्हणाली, “बरं झालं भाऊ, तुम्ही नीट चौकशी केलीत. सरूताई म्हणायच्याच, आमचं माणूस बोलत नाही पण बघतं सगळं.”

*

नाताळची गाणी बसवणं सुरू झालं होतं तेव्हाची गोष्ट. उपासनेनंतर आढाव सरांनी पायरीवर त्याच्या खांद्याला हात लावला. असं ते कधी करत नसत.

“तुमच्यामुळे वाचलो, मकासरे. घोरपडीच्या कमिटीत माझे व्याही आहेत. मी त्यांना सहज सावध केलं होतं. तिथं आता पाटोळ्यांची चौकशी लागली आहे. गृहस्थ म्हणतात, एका आजारी बाईला भेटायला गेलो होतो. दवाखान्यात विचारलं तर त्या नावाची बाईच नाही! आता बोला.”

शांतवन घरी गेला, स्वयंपाक केला, जेवला नाही. दुपारी बस पकडून तो घोरपडीला गेला.

पाळकांचं घर चर्चच्या आवारातच, दोन खोल्यांचं. पडवीत दोरीनं बांधलेली खोकी रचून ठेवली होती. पाटोळ्यांनीच दार उघडलं. गालफडं बसली होती. पण शांतवनला बघितल्यावर त्यांचा चेहरा एकदम कळवळला.

“या, या. इतक्या दिवसांत दिसला न्हाईत. मी म्हटलं…” ते थांबले. त्यांनी त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं. “गेल्या का सरूबाई?”

“व्हय.”

“कधी?”

“चार वर्सं झाली,” शांतवन म्हणाला.

आणि मग उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहून त्यानं सगळं सांगितलं. कालव्याकाठची मंडळी, आढाव सर, गुपचूप ऐकायची रीत, आणि बैठकीत तोंडातून निघालेलं ते वाक्य. ते वाक्य त्यानं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. आयुष्यात एका दमात तो एवढं कधी बोलला नव्हता.

आतल्या खोलीतून पाळकीणबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात घडी घालायला घेतलेली चादर होती.

“बायकांच्या वॉर्डात फिरतो, ते तुम्ही म्हणालात?”

“व्हय, बाई.”

“माझ्या लेकीला शाळेत पोरींनी विचारलं,” त्या म्हणाल्या. “तिला. नववीतल्या पोरीला.” पुढं काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण त्या वळून आत गेल्या.

पाटोळ्यांनी एका खोक्याची सैल दोरी आवळली. “मी त्यांना सांगितलं,” ते म्हणाले, “एका भावाच्या बायकोला बघायला गेलो होतो. ते म्हणले, बोलवा त्या भावाला. तुमचा पत्ता मी कधी घेतलाच न्हाई. अडचणीतल्या माणसाला काय पत्ता विचारायचा? मग माझंच बोलणं खोटं ठरलं.” ते अडखळले. “एकदा मला पण वाटलं, की तुम्ही आला होता का न्हाई. का मलाच भास झाला.”

“मी रविवारी उभा राहून सांगतो सगळ्यांना.”

“राजीनामा दिला मी. उदगीरच्या बाजूला एक लहान मंडळी हाय, त्यांना शब्द दिलाय.”

“तरी सांगतो.”

“सांगा,” पाटोळे म्हणाले. “माझ्यासाठी नको. त्या लोकांनी तुमच्या बायकोसाठी गुडघे टेकले होते. त्यांना खरं कळाया पाहिजे.”

शांतवन थांबून राहिला. क्षमेचं काहीतरी ते बोलतील असं त्याला वाटत होतं. पाळकानं बोलायचं असतं ते. पाटोळे बोलले नाहीत. दार लावताना फक्त म्हणाले, “त्या गेल्या तेव्हा तुमच्यापाशी कोण होतं?”

“कुणी न्हवतं.”

त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.

*

रविवारी तो घोरपडीच्या चर्चमध्ये उभा राहिला. पाटोळे आले नव्हते. तिथल्या मंडळीतले एक ज्येष्ठ सभासद उपासना चालवत होते. शांतवननं पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली. तो म्हणाला, “माझी बायको सरूबाई चार वर्सांपूर्वीच वारली. पाटोळेसाहेब तिलाच बघायला वॉर्डात गेले होते, माझ्या खोट्यावर इस्वास ठेवून. बदनामी मी केली.” एवढ्या तीनच वाक्यांसाठी तो रात्रभर जागा होता; म्हणायला काहीच वेळ लागला नाही.

वरचा पंखा करकरत होता. मग मधल्या बाकावरून एक गृहस्थ उठले. “म्हणजे आम्ही महिनाभर एका मेलेल्या बाईला बरं कर म्हणून देवाला सांगत होतो,” ते म्हणाले. “छान.” आणि आपल्या बायकोला खूण करून तिच्यासह निघून गेले.

शांतवन उभाच होता. आता बसायचं की जायचं, ते त्याला कळत नव्हतं.

“बसा आता,” आनंदीबाई म्हणाल्या. त्यांनी बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. तो बसला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही, गीताचं पानही दाखवलं नाही. पण उपासना संपेपर्यंत पिशवी मांडीवरच ठेवली.

दुसऱ्याच दिवशी घोरपडीची कमिटी पाटोळ्यांकडे गेली आणि राजीनामा परत घ्या म्हणाली. पाटोळ्यांनी चहा दिला. ज्यांनी चौकशी लावली तेच आता गयावया करत होते. पाळकीणबाई आतून बाहेर आल्या नाहीत. पाटोळे एवढंच म्हणाले, की शब्द दिलाय, आणि लेकीला आता त्या शाळेत पाठवणार नाही.

आपल्या कमिटीपुढंही शांतवननं तेच सांगितलं. सरूबरोबर करंज्या करणाऱ्या दोघींनी माना खाली घातल्या. त्या सरूसाठी घातल्या की त्याच्यासाठी, ते त्याला कळलं नाही. आढाव सरांनी सगळं ऐकून घेतलं.

“आता पाटोळे आपल्याकडे येणार नाहीत,” ते म्हणाले. “आणि ही हकीकत पुण्यात पसरल्यावर दुसराही कोणी येणार नाही. घोरपडीलाही पाळक उरला नाही. मकासरे, लोक एका दगडात दोन पक्षी मारतात. तुम्ही दोन चर्चं पाडलीत.”

“व्हय, सर.”

“व्हय काय व्हय?” सर ओरडले. मग त्यांनी चष्मा काढून हातात धरला आणि काचा पुसत राहिले. “व्याह्यांना मी बोललो,” ते म्हणाले. “तुम्ही तर चार माणसांत बोललात. मी फोन करून बोललो. मला कोणी सांगितलं होतं?”

शांतवननं कमिटीची जागा सोडली. गायकवाडांनी ‘कशाला, कशाला’ म्हटलं, पण आग्रह केला नाही.

*

पाटोळे निघायच्या दिवशी सकाळी शांतवन घोरपडीला गेला. का जातोय, ते त्याला सांगता आलं नसतं. आवारात टेंपो उभा होता. मंडळीतली दोन-तीन माणसं खोकी चढवत होती. त्यांनी त्याला ओळखलं आणि त्याच्याकडे पाठ फिरवून काम चालू ठेवलं. पाटोळ्यांची मुलगी पुढच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. पाळकीणबाईंनी त्याला बघितलं आणि त्या जाऊन मुलीशेजारी बसल्या.

तो फाटकापाशीच राहिला. आत जायचा आपल्याला हक्क नाही आणि परत फिरायचाही नाही, असं काहीतरी त्याला वाटत होतं.

शेवटी एक लोखंडी कपाट राहिलं. ड्रायव्हर घाई करत होता. बाकीचे टेंपोत चढून सामान दोरीनं आवळत होते. पाटोळ्यांनी कपाट एकट्यानं पडवीपर्यंत सरकवत आणलं, आडवं केलं आणि एक बाजू उचलून बघितली. मग इकडं तिकडं बघितलं. फाटकापाशी शांतवन होता.

पाटोळे थोडा वेळ तसेच वाकून राहिले.

“धरा तिकडनं,” ते म्हणाले.

शांतवन धावत गेला. त्यानं आपली बाजू उचलली. कपाट जड होतं. आतले कप्पे काढायचे राहिले असावेत, ते आत खडखडत होते. पाटोळे उलट्या पावलांनी निघाले आणि शांतवन त्यांच्याकडे तोंड करून. असं आडवं कपाट नेताना समोरच्याच्या तोंडाकडे बघण्यावाचून इलाज नसतो. त्याच्या पावलावर पाऊल टाकावं लागतं, नाहीतर दोघंही पडतात. शांतवननं मान वर केली. पाटोळे त्याच्याकडेच बघत होते. त्या नजरेत राग होता की नव्हता, त्याला समजलं नाही. ओझं तेवढं दिसत होतं.

“पायरी हाय,” शांतवन म्हणाला. “तुमच्या मागं.”

पाटोळ्यांनी मागं न बघता पाय खाली टाकला.